रिनोव्हेट, रिस्टोअर, रिफर्बिश : नक्की करायचंय काय?

जिन्यातली_सचिव

मंडळी, इंग्रजीच्या जाणकारांची मदत हवी आहे. थोडी सहानुभूतीही चालेल.

आमची इमारत १९८४ची, चार मजली, बिनलिफ्टची. यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. गेल्या आठवड्यात अध्यक्षांनी इंग्रजीत नोटीस लिहून दिली, 'रिनोव्हेशन ऑफ कॉमन एरियाज', आणि म्हणाले, "ताई, खाली मराठी तेवढं तुम्ही लिहा." मी लिहिलं, 'सामायिक जागांचे पुनर्निर्माण'. लिहिताना भारदस्त वाटलं होतं.

रात्री साडेदहाला दुसऱ्या मजल्यावरचे काका दारात. "पाडायचं ठरलं आणि आम्हाला नोटिशीतून कळतंय? बिल्डर भाडं किती देणार, कॉर्पसची एकरकमी रक्कम किती, आधी ते बोला." त्यांच्या मागे काकू. त्यांनी माळ्यावरचे डबे उतरवायलाही घेतले होते. प्रत्यक्षात करायचं होतं काय, तर जिन्याला रंग, गच्चीवरच्या टाकीखालचा गिलावा आणि मीटरच्या खोलीचं दार.

मग मी शब्दकोश उघडला तर आणखीच घोळ. रिपेअर, रिनोव्हेट, रिस्टोअर, रिफर्बिश, रिमॉडेल, रिव्हॅम्प, रिकन्स्ट्रक्ट, रिडेव्हलप. फिरून फिरून अर्थ एकच, पुन्हा नवं करणे. इंग्रजीत हे वेगवेगळे कधी वापरतात? आणि जिन्याच्या रंगाला मराठीत काय म्हणू, म्हणजे काकू डबे परत माळ्यावर ठेवतील?

---

बाकावरचे_आजोबा

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

---

खडूस_मुद्रितशोधक

धागालेखिकाबाई, 'पुनर्निर्माण' वाचून काका आले यात काकांची काहीच चूक नाही. निर्माण म्हणजे नसलेलं उभं करणं. ते 'पुन्हा' करायचं तर आधी असलेलं जायला हवं.

आता इंग्रजीचं. मोडलेलं चालतं केलं की रिपेअर. चालतंय पण जुनाट झालंय, ते ताजंतवानं केलं की रिनोव्हेट, आणि हा शब्द बहुतेक घर, खोली, इमारत यांनाच लागतो. कोणी सायकल रिनोव्हेट करत नाही. रिस्टोअर म्हणजे पूर्वी होतं तसं करणं, तिथे 'छान दिसतंय' याला मार्क नाहीत, 'तसंच दिसतंय' याला आहेत. रिमॉडेल म्हणजे रचनाच बदलणं, भिंत काढून स्वयंपाकघर आणि हॉल एक करणं वगैरे. रिकन्स्ट्रक्ट म्हणजे पडलेलं पुन्हा बांधणं. रिडेव्हलप म्हणजे पाडून त्या जागी वेगळं आणि बहुधा मोठं काहीतरी. रिव्हॅम्प हा सैल शब्द आहे. वेबसाइट, अभ्यासक्रम, मेनूकार्ड, कशालाही लावा.

तुमच्या गिलाव्याला रिपेअर, रंगाला पेंटिंग. अध्यक्षांना रिनोव्हेशन सुचलं कारण त्या शब्दाला वर्गणी जास्त मागता येते.

---

अळूवडी

>> त्या शब्दाला वर्गणी जास्त मागता येते

आमच्याकडे याच कामाला 'ब्यूटिफिकेशन' म्हणाले. माणशी दोन हजार ज्यादा. दोन कुंड्या आल्या. एक फुटली.

---

बिनीचा_भाडेकरू

काकांची बाजू मांडतो, कारण मीही मुंबईत अशाच एका जुन्या इमारतीत वाढलो. 'पुनर्विकास' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो तो भाषेमुळे येत नाही. त्या शब्दामागे सहकार कायद्याचं ७९-अ कलम आहे, ४ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती आहे, संक्रमण शिबिर आहे, आणि 'तीन वर्षांत ताबा' म्हणून सात वर्षं भाड्याच्या घरात काढलेली माणसं आहेत. आमच्या वडिलांनी नव्या घराची किल्ली पाहिली नाही. त्यामुळे नोटिशीत 'पुनर्' दिसला की जुना माणूस दचकतो.

---

जिन्यातली_सचिव

@बिनीचा_भाडेकरू, हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या. मी हसत होते त्या रात्री. काकांना उद्या जाऊन सांगते.

---

नट_बोल्ट

आमचं गॅरेज आहे, कोल्हापूर रोडला. इंग्रजी बेताचंच, पण हे 'री'वाले शब्द दिवसभर तोंडात असत्यात. टायर रिमोल्ड, मोटर रिवाइंडिंग, सिलिंडर रिबोर, इंजिन रिकंडिशन, आणि गाडी पार गळाटली की ओव्हरॉल. यातला एकबी शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गिऱ्हाईक म्हणालं 'मोटर रिमोल्ड करा' तर कामगार हसून लोळत्यात.

मुद्रितशोधक साहेबांच्या यादीत आणि एक भर घाला. रिबोर झालं म्हंजी इंजिन पहिल्यासारखं झालं असं लोक समजत्यात. तसं नसतंय. सिलिंडर घासला की आम्ही तो आणखी कापून गोल करतो आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालतो. पुढच्या वेळी अर्धा मिलिमीटर. असं तीन-चारदा होतं, मग कापायला मालच उरत नाही आणि नवी स्लीव्ह, म्हंजी आतली नळी, ठोकायला लागते. म्हंजी गाडी नव्यासारखी पळत्या, पण आतनं दरवेळी वेगळी असत्या. याला तुमचा कुठला शब्द?

---

खडूस_मुद्रितशोधक

@नट_बोल्ट, दंडवत. याला माझ्याकडे शब्द नाही, तुमचाच ठेवतो.

---

पिंपळपार

ओव्हरऑल हा मूळ ओव्हरहॉल. जहाजावरचा शब्द. दोर आणि कप्प्या ओढून सैल करायच्या, तपासायच्या, परत बांधायच्या. समुद्रावरून तो गॅरेजात आला.

आणि रिव्हॅम्पमधलं व्हॅम्प म्हणजे बुटाचा पंज्यावरचा भाग, जुन्या फ्रेंचमधून आलेला. 'पायाचा पुढचा भाग' असा त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ. तळ शाबूत असेल तर मोची वरचं कातडं तेवढं बदलून द्यायचा. आता कंपन्या 'ब्रँड रिव्हॅम्प' करतात तेव्हा तेच करतात. वरचं कातडं नवं, तळ तोच.

---

रानजाई

नट_बोल्टदादांचं वाचून माझी आजी आठवली. तिच्याकडे 'नवं करणे' असा एक शब्द नव्हताच, वस्तुगणिक क्रियापद निराळं. पितळी पातेल्याला कल्हई, जात्याला आणि पाट्याला टाकी, विळीला धार. गादी पिंजून घ्यायची, बाज आवळून घ्यायची. शर्टाची कॉलर झिजली की उलटवायची. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. पाटल्या मोडून तोडे घडवायचे, आणि नुसतेच काळवंडले असतील तर उजळून आणायचे.

कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही पोरं भोवती बसायचो. भाता, निखारे, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की काळं पातेलं क्षणात चांदीचं. पातेलं 'रिफर्बिश' झालं असं कोणी म्हटलं असतं तर आजीने त्यालाच निखाऱ्यावर धरलं असतं.

---

अळूवडी

दंड घातलेलं लुगडं! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. वाचनखूण साठवली.

---

शिळ्या_कढीला_ऊत

रानजाईताई, आजीला कोणालाही निखाऱ्यावर धरावं लागलं नसतं. 'उजळणे' हाच रिफर्बिशचा खरा अर्थ आहे. फर्बिश म्हणजे घासून चकाकी आणणं, तेही मुख्यतः तलवारी आणि चिलखतं. हे काम करणाऱ्याला फर्बिशर म्हणत आणि त्यावरून फ्रोबिशर हे आडनाव पडलं. सोळाव्या शतकात कॅनडाच्या बर्फात वाट शोधत गेलेला मार्टिन फ्रोबिशर त्याच आडनावाचा.

आपल्याकडे तेच काम करणारा तो शिकलगार. अरबीतला चकाकीचा शब्द, त्याला फारसी 'गार'. आडनाव अजून आहे, माझ्या वर्गात एक होता. म्हणजे फ्रोबिशर आणि शिकलगार हे एकाच धंद्यातले.

---

भौ_नागपूरवाले

काय राजेहो, जिन्याच्या रंगावरून तलवारीपर्यंत पोचले! सेक्रेटरीबाई, काकाले सांगा का जिना शिकलगाराकडे देऊन राह्यलो.

बाकी रिफर्बिशचं सोडा. मी एका साइटवरून 'रिफर्बिश्ड' फोन घेतला. लिहिलं होतं 'नव्यासारखा'. पेटी उघडली तं गॅलरीत कोणाच्या तरी लग्नाचे चाळीस फोटो. जेवण चांगलं होतं पण लग्नात, बुफेत पुरणपोळी होती.

---

बाकावरचे_आजोबा

नवरदेवाला फोटो पाठवलेत का?

---

भौ_नागपूरवाले

नंबर सापडला असता तं पाठवले असते, बाप्पा. जेवायलेही गेलो असतो.

---

माडाची_सावली

गोव्याहून लिहितोय. मुद्रितशोधकांचं 'पूर्वी होतं तसं' हे वाक्य सोपं वाटतं, पण पूर्वी म्हणजे केव्हा? जुन्या गोव्यातली बॉम जेझूची बासिलिका घ्या. १६०५ साली पूर्ण झालेली. आज ती लालसर जांभ्या दगडाची दिसते आणि पर्यटकांना वाटतं हेच तिचं मूळ रूप. पण तिला चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज अमदानीत 'रिस्टोरेशन' करताना तो काढला, कारण उघडा दगड जास्त प्राचीन दिसतो. म्हणजे पुरातन दिसण्यासाठी तिला असं रूप दिलं जे तिचं कधी नव्हतंच. जांभा पाणी पितो. तेव्हापासून दर पावसाळ्यात दगड झिजतोय, आणि आता परत गिलावा करावा की नको यावर वाद. गिलावा केला तर लोक म्हणतील नवं केलंत, नाही केला तर दगड जातोय.

सचिवबाईंच्या टाकीखालच्या गिलाव्याला मी हसणार नाही.

---

पिंपळपार

माडाची_सावली, फार नेमकं उदाहरण. हे भांडण इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जोरात झालं होतं. जुन्या चर्चांचे दगड खरवडून, नंतरच्या काळातली भर काढून टाकून त्यांना 'मूळ' मध्ययुगीन करण्याची लाट होती. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्थाच काढली. तिचं टोपणनाव होतं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडू नका मंडळ. त्यांचं म्हणणं, रिस्टोअर नको, प्रोटेक्ट करा. वेळच्या वेळी कौल बदला, पाणी मुरू देऊ नका, बस.

आपल्याकडची चांगली बाजूही सांगायला हवी. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय काही वर्षांच्या कामानंतर २००८ साली पुन्हा उघडलं. आत जाऊन छताकडे बघा. ते काम रिस्टोरेशन या शब्दाला शोभतं.

---

तिरका_कंपास

जपानात इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात जसंच्या तसं बांधतात. मागचं २०१३ला झालं. त्यांच्या मते ते तेच देऊळ, तेराशे वर्षांहून जुनं. आपण त्याला रिकन्स्ट्रक्शन म्हणणार की रेप्लिका? माझ्या मते दोन्ही नाही. तिथे देऊळ म्हणजे लाकूड नाही, ते बांधता येणारे सुतार.

---

न्यूजर्सीचा_मध्या

इथे घर विकायला काढलं की जाहिरातीत 'रिमॉडेल्ड किचन' हवंच. आणि सगळ्यात वरचा प्रकार म्हणजे 'गट रिनोव्हेशन'. गट म्हणजे आतडी. मासा साफ करतात तसं घर आतून रिकामं करायचं, बाहेरची भिंत तेवढी ठेवायची. बायको म्हणाली, पापलेटासारखं घर नको. आम्ही नळ बदलले आणि थांबलो.

---

इंदूरी_पोहे

थोडं अवांतर. तुम्ही सगळे जुन्याचं नवं करण्यावर बोलताय, पण पहिल्यांदाच नवं करण्याचे शब्द? इन्व्हेंट, डिस्कव्हर, इनोव्हेट? इंदूरमध्ये आम्ही मराठी घरात आणि हिंदी शाळेत वाढलो, त्यामुळे मार खाल्लेला आहे. मराठीत न्यूटनने शोध लावला आणि एडिसननेही शोधच लावला. हिंदीत एकाची खोज, दुसऱ्याचा आविष्कार. मराठीत आविष्कार म्हणजे गाणं-नाच, 'कलाविष्कार'. हिंदीत शोध म्हणजे संशोधन, आणि हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती! मी सहावीत निबंधात 'वैज्ञानिक संशोधन करते हैं' लिहिलं. सरांनी विचारलं, किस कानून में?

---

खडूस_मुद्रितशोधक

आणि म्हणूनच तिकडे 'संविधान संशोधन' आणि इकडे 'घटनादुरुस्ती'. आपण राज्यघटनाही सायकलसारखी दुरुस्त करतो. मला ते आवडतं. शब्द जमिनीवर आहे.

---

अर्ज_विनंती

पुण्यात पेटंटच्या अर्जांचं काम करते, त्यामुळे इंदूरी_पोहे यांच्या प्रश्नावर माझं पोट आहे. रोज कोणीतरी येतं, "मॅडम, शोध लावलाय." पहिला प्रश्न मला इंग्रजीत विचारावा लागतो, डिस्कव्हर केलंत की इन्व्हेंट? कारण आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात नुसत्या डिस्कव्हरीला पेटंट नाही. निसर्गात होतंच, तुम्हाला दिसलं, अभिनंदन, पण मक्तेदारी नाही. आणि जे माहीत आहे त्याचंच नवं रूप काढलंत तर तिसऱ्या कलमाचं 'डी' उपकलम आडवं येतं, औषधाचा गुण वाढल्याचं दाखवा म्हणतं. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचा नोव्हार्टिसचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ला याच कलमावर फेटाळला. त्या खटल्याचा सगळा जीव एवढ्यात होता की हे नवं केलं म्हणायचं की जुनंच पुन्हा.

हळदीचं तर सगळ्यांना ठाऊक असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून लावले आणि १९९७ला ते रद्द झालं. बोट कापलं की हळद दाबणारी प्रत्येक आजी दुसऱ्याचं इन्व्हेन्शन वापरतेय असं ठरलं असतं नाहीतर.

---

शिळ्या_कढीला_ऊत

पण अर्ज_विनंतीताई, मराठीवर फार चिडू नका. खुद्द इंग्रजीत इन्व्हेंटचा जुना अर्थ 'सापडणे' असाच होता. लॅटिन मूळ 'येऊन पोचणे, गाठ पडणे'. ख्रिस्ती पंचांगात ३ मेचा सण होता, 'इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस'. क्रूस कोणी बनवला असा अर्थ नाही, सापडला तो दिवस. म्हणजे आपला 'शोध' जिथे आहे तिथेच इंग्रजीही काही शतकं होती.

आणि इनोव्हेशन तर शिवी होती. १५४८ साली इंग्लंडचा सहावा एडवर्ड राजा, वय वर्षं दहा-अकरा, त्याच्या नावाने जाहीरनामा निघाला की चर्चच्या रीतीत कोणी स्वतःच्या मनाने 'इनोव्हेट' करील तर तुरुंग. आता तोच शब्द प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर आहे.

---

स्टँडअप_मीटिंग

आमच्या भिंतीवर आहे. 'इनोव्हेट एव्हरी डे'. त्याच भिंतीखाली आम्ही बारा वर्षं जुना कोड सांभाळतो. तिथे शब्दांचा आणखी छळ. रिफॅक्टर म्हणजे बाहेरून काही बदलायचं नाही, आतली मांडणी सुधारायची. रिराइट म्हणजे फेकून पुन्हा लिहायचं. मॅनेजरला सांगताना रिराइटला रिफॅक्टर म्हणायचं, म्हणजे मंजुरी मिळते. मुलाखतीत रिफॅक्टरला रिराइट म्हणायचं, म्हणजे पगार मिळतो.

---

बाकावरचे_आजोबा

अध्यक्षांनी तुमच्याकडेच शिकवणी लावलेली दिसते.

---

कातरवेळ

मुद्रितशोधकांशी एका ठिकाणी असहमत. रिस्टोअरला 'तसंच' हीच कसोटी म्हणालात. सत्यजित राय यांच्या काही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेत आगीत होरपळल्या. वीस वर्षांनी इटलीत बोलोन्याला त्या फिती भिजवून, मऊ करून, हाताने सांधल्या. जिथे फीत उरलीच नव्हती तिथे दुसऱ्या प्रतींतून चित्र घेतलं. तेव्हा ते 'तसंच' कुठून? दंड घातलेलं लुगडं आहे ते. पण रिस्टोअर याशिवाय त्याला दुसरा शब्द लावायला मन होत नाही.

---

खडूस_मुद्रितशोधक

मान्य. मागे घेतो. 'तसंच करण्याचा प्रामाणिक प्रयत्न' असं वाचावे. (आयुष्यात तिसऱ्यांदा मागे घेतोय, नोंद व्हावी.)

---

नट_बोल्ट

नोंद झाली साहेब. पण ताईंच्या नोटिशीचं काय झालं?

---

रानजाई

हो की! बिचाऱ्या काकू अजून डबे घेऊन बसल्या असतील. माझं मत, 'नूतनीकरण'.

---

बिनीचा_भाडेकरू

नूतनीकरण नको. ते लायसन्सचं असतं. लोक विचारतील फी कुठे भरायची.

---

अळूवडी

जीर्णोद्धार?

---

पिंपळपार

तो देवळांचा मान. जिन्याला दिलात तर पहिल्या मजल्यावर कोणीतरी दानपेटी ठेवील. एक सांगून ठेवतो, रिनोव्हेटमधला 'नोव्ह' आणि आपला 'नव' मुळात एकाच घराण्यातले, त्यामुळे नूतनीकरणात चूक काही नाही. पण काकांचं म्हणाल तर भाडेकरूंशी सहमत.

---

भौ_नागपूरवाले

सरळ लिहा ना बाप्पा, 'रंग मारून राह्यलो'.

---

जिन्यातली_सचिव

सगळ्यांचे आभार. भौंचं ऐकलं, थोडं सौम्य करून. आज दुपारी जुनी नोटीस काढून ही लावली:

'जिन्याला रंग देणे, पाण्याच्या टाकीखालचा गिलावा दुरुस्त करणे आणि मीटरच्या खोलीचे दार बदलणे, ही कामे १५ तारखेपासून सुरू होतील. इमारत पाडण्याचा कोणताही विचार नाही.'

अध्यक्ष म्हणाले, फारच साधी झाली. मी म्हटलं, वरचं इंग्रजी तुमचं ठेवा.

काकांकडेही जाऊन आले. चहा झाला. त्यांचा भाऊ आधी गिरगावात होता, त्याची चाळ पाडली ती गोष्ट तासभर सांगितली. निघताना काकू म्हणाल्या, डबे उतरवलेच होते तर घासून, उजळून ठेवले, बरं झालं. मग काका जिन्यापर्यंत सोडायला आले, भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "रंग कोणता ठरलाय?"

मी म्हटलं, पिस्ता.

आता त्यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची मागणी आली आहे. सात सह्यांची.

---

बाकावरचे_आजोबा

नवा धागा काढा. रुमाल तिकडे टाकतो.